यीस्टचं विरजण : बिअरचा स्टार्टर उतू जाऊ न देता कसा लावावा

दह्याला विरजण लावताना भांडं काठापर्यंत भरलं तरी काही बिघडत नाही. इडलीचं पीठ आंबवायला ठेवताना मात्र आपण निम्मं पातेलं रिकामं सोडतो, आणि उन्हाळ्याचे दिवस असले तर खाली ताटही ठेवतो. दोन्हीकडे आंबणंच आहे. पण दह्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात आणि तेवढ्यावर थांबतात; पिठातले जिवाणू आम्लाबरोबर वायूही सोडतात. तो वायू चिकट पिठात अडकतो आणि पीठ वर चढतं. घरच्या बिअरसाठी लावलेला यीस्टचा स्टार्टर, म्हणजे बिअरमध्ये घालण्याआधी यीस्ट वाढवायला लावलेलं थोडंसं माल्टचं गोड पाणी, कामाला विरजणासारखा आणि वागायला इडलीच्या पिठासारखा असतो. हे सुरुवातीलाच डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं सोपं होतं.

मी मिशिगनमध्ये राहते आणि बरीच वर्षं घरी बिअर करते आहे. इथे नव्याने हा छंद लागलेली मराठी मंडळी भेटली की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की रात्री नीट झाकून ठेवलेला स्टार्टर सकाळी ओट्यावर कसा आला? भांडं लहान पडलं, हे त्याचं अर्धंच उत्तर. स्टार्टर तीन वेगवेगळ्या वेळी उतू जातो आणि तिन्ही वेळची कारणं निराळी आहेत. ती कळली की उपाय फारसे अवघड नाहीत.

आधी कायद्याचं बोलू. अमेरिकेत घरच्यापुरती बिअर करायला १९७९ पासून केंद्राची मोकळीक आहे. त्या कायद्यावर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली होती. घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन, आणि विकायची नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते पाहून घ्या. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर थेट २०१३ मध्ये परवानगी दिली. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. तिथल्या वाचकांनी हा लेख माहितीपुरताच वाचावा.

स्टार्टर लागतो का, आणि केवढा

कोरडं यीस्ट वापरणार असाल तर स्टार्टर लावूच नका. साधारण ११ ग्रॅमच्या त्या पुडीतल्या पेशी वाळवण्याआधी भरपूर खाऊपिऊ घालून तयार केलेल्या असतात. नेहमीच्या ताकदीच्या २० लिटर एलला, म्हणजे साधारण खोलीच्या तापमानाला आंबवायच्या बिअरला, एक पुडी पुरते. नवख्या माणसाने पहिल्या दोन-तीन खेपा कोरड्या यीस्टवरच कराव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. आधी बिअर उकळायला, थंड करायला, स्वच्छता पाळायला हात बसू द्या.

द्रवरूप यीस्टची गोष्ट वेगळी. नेहमीच्या एका पाकिटात कारखान्यातून निघताना साधारण १०० अब्ज जिवंत पेशी असतात आणि फ्रिजमध्ये ठेवूनही दर महिन्याला त्यातल्या अंदाजे वीस टक्के मरतात. हल्ली जास्त पेशींची पाकिटंही मिळतात, म्हणून आकडा आणि तारीख पाकिटावर वाचा. गरज किती, याचा हिशेब असा : एलसाठी दर मिलिलिटरला, दर प्लेटो अंशाला (बिअरच्या गोड पाण्यात शेकडा किती साखर आहे त्याचं माप) साडेसात लाख पेशी. ५ गॅलन, म्हणजे १९ लिटर पेल एल आहे आणि सुरुवातीची घनता १.०४८, म्हणजे सुमारे १२ अंश प्लेटो. १९,००० गुणिले १२ गुणिले साडेसात लाख. उत्तर येतं १७१ अब्ज. हातात महिनाभर जुनं, ८० अब्ज पेशींचं पाकीट आहे. उरलेल्या पेशी घरी वाढवायच्या, त्यासाठी स्टार्टर. लागरला, म्हणजे थंडाव्यात आंबवायच्या बिअरला, याच्या दुप्पट पेशी लागतात.

ढवळणीवर, म्हणजे भांड्यातला छोटा चुंबक खालून फिरवणाऱ्या स्टर प्लेटवर, ठेवलेला एक लिटरचा स्टार्टर या कामाला पुरतो. ढवळणी नसेल तर दीड ते दोन लिटर धरा. या लेखात मी एक लिटरचाच हिशेब देते.

भांडं

या एक लिटर स्टार्टरला १०० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क, म्हणजे मोड आणलेल्या धान्याच्या गोड अर्काची पावडर, लागतो. त्यातली जेवढी साखर यीस्ट खातं, तिच्यातून दिवसभरात साधारण बारा ते पंधरा लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तुमच्या फ्लास्कमधून एक मोठी बादलीभर वायू वर जाणार आहे आणि जाताना माल्टमधल्या प्रथिनांचे बुडबुडे करत जाणार आहे. त्याला दोन गोष्टी हव्यात : चढायला मोकळी जागा आणि बाहेर जायला मोकळी वाट. पुढची प्रत्येक पायरी या दोनपैकी एकीसाठीच आहे.

दुकानदार बहुतेक वेळा प्रयोगशाळेतला शंकूच्या आकाराचा फ्लास्क दाखवतो. एमिल अर्लेनमायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६० मध्ये तो आणला. हातात धरून गोल फिरवला तरी आतला द्रव सांडत नाही, ही त्याची खुबी. पण ती खुबी द्रवासाठी आहे, फेसासाठी नाही. दोन लिटरच्या फ्लास्कचं बूड साधारण १५ सेंटीमीटर रुंद आणि गळा ५ सेंटीमीटर. व्यास तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. बुडाशी एक सेंटीमीटर जाडीचा असलेला फेस गळ्यात शिरला की नऊ सेंटीमीटर उंच होतो. म्हणून खांद्यापर्यंत संथपणे येणारा फेस गळ्यात शिरताच पळत सुटतो, आणि आपल्याला वाटतं की काहीतरी अचानक झालं.

तेव्हा एक लिटर स्टार्टरला दोन लिटरचा फ्लास्क हा किमान आकार समजा. दीड लिटर त्यात बसतो, पण बसवू नका. मी तर नव्या माणसाला फ्लास्कऐवजी काचेचा गॅलनचा जग घ्यायला सांगते. इथे सफरचंदाचा रस अशा जगात मिळतो. रस प्यायचा, जग ठेवून द्यायचा. ३.८ लिटरच्या जगात लिटरभर स्टार्टर उतू जायला त्याला फारच जोर करावा लागतो. एक पथ्य मात्र पाळा : ती साधी काच असते, त्यात गरम काहीही ओतायचं नाही.

बाकीचं सामान घरातलंच. तीन लिटर किंवा मोठं पातेलं, वजनकाटा, थर्मामीटर, रवी, ॲल्युमिनियम फॉइल, सॅनिटायझर (भांडी निर्जंतुक करायचं द्रव), आणि भांड्याखाली ठेवायला एक परात. माझी परात पितळेची, आईने दिलेली आहे. स्टीलची केकची थाळीही चालेल.

पहिला धोका : चुलीवर

सव्वा लिटरला थोडं कमी, म्हणजे १.१ ते १.२ लिटर पाणी पातेल्यात घ्या. उकळताना शंभरेक मिलिलिटर उडून जातं. पाणी गार असतानाच, आच न लावता, माल्टची पावडर घाला. उकळत्या पाण्यावर पाकीट उपडं करू नका. पावडर वाफ ओढून घेते, पाकिटाच्या तोंडाशी तिचा काकवीसारखा चिकटा होतो, पाण्यात गोळे पडतात, आणि उकळत्या पाण्यात कोरडा कण पडला की त्याच्याभोवती वाफेचे बुडबुडे उसळतात. १०० ग्रॅम पावडर आधी कोरड्या वाटीत मोजून घ्या, गार पाण्यावर भुरभुरा आणि रवीने घुसळा. ताकासाठी आपण जसं घुसळतो तसंच. दोन मिनिटांत गाठी मोडतात. चिमूटभर यीस्टचं पोषक द्रव्य असेल तर तेही घाला.

आता आच लावा आणि तिथेच उभे राहा. दूध उतू जातं त्याचं कारण आणि याचं कारण एकच : प्रथिनांचा पातळ पापुद्रा वाफेला कोंडून धरतो. उकळी यायच्या जरा आधी वर बारीक, गुळगुळीत, फिकट तपकिरी फेस जमतो. तो जागेवर बसून असतो आणि मग तीस सेकंदांत पातेल्याच्या काठाशी येतो. आच लगेच कमी करा किंवा पातेलं सरळ उचला. झाकण ठेवायचं नाही. शेजारी गार पाण्याची वाटी असू द्या, चार थेंब शिंपडले की फेस बसतो.

तीन-चार मिनिटं अशी गेली की फेसाचं रूप बदलतं. बुडबुडे मोठे आणि विरळ होतात, आणि पातेल्यात डोकावलं तर फाटलेल्या दुधासारखे बारीक कण फिरताना दिसतात. प्रथिनं गोठून एकत्र आली, पापुद्रा मोडला. यानंतर मध्यम आचेवर दहा मिनिटं निवांत उकळू द्या. आता ते सहसा वर येत नाही. चुलीवरचा सगळा धोका त्या पहिल्या चार मिनिटांत असतो.

काही जण वर्ट, म्हणजे हे माल्टचं गोड पाणी, थेट फ्लास्कमध्येच उकळतात, भांडं आपोआप निर्जंतुक होतं म्हणून. अनुभव येईपर्यंत ते टाळा. फ्लास्क बोरोसिलिकेट काचेचा असला तरी विजेच्या कॉइलच्या शेगडीवर तो तडकू शकतो आणि गळ्यातून उकळता द्रव कारंज्यासारखा उडू शकतो. ढवळणीचा चुंबक उकळून झाल्यावर गरम वर्टमध्ये टाकणं तर फारच वाईट. गुळगुळीत काचेत तापलेल्या द्रवाला बुडबुडा धरायला खरखरीत जागा मिळालेली नसते. चुंबक पडला की ती मिळते आणि सगळा द्रव एका क्षणात उसळतो. साखरेचं पाणी कातडीला चिकटून भाजतं, नुसत्या पाण्यापेक्षा वाईट. फ्लास्कमध्ये उकळायचंच असेल तर चुंबक गार पाण्यातच सोडा.

गार करणं, स्वच्छता, यीस्ट घालणं

आच बंद झाली की पातेल्यावर झाकण ठेवा आणि ते सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात बसवा. वीस-पंचवीस मिनिटांत २० ते २२ अंश सेल्सिअसला येतं. बोटाचा अंदाज इथे कामाचा नाही. कोमट वाटणारं वर्ट ३५ अंशांचं असू शकतं. आणि गार झालेल्या वर्टमध्ये बोट घालायचंच नाही.

तोवर फ्लास्क किंवा जग, चुंबक, फॉइल, यीस्टचं पाकीट, ते कापायची कात्री आणि स्वतःचे हात सॅनिटायझरने भिजवून घ्या. मी स्टार सॅन वापरते, लिटरभर पाण्याला दीड मिलिलिटर. त्याचा भरपूर फेस होतो. द्रव ओतून द्या, मागे राहिलेल्या फेसाने यीस्टला काही होत नाही. नव्या माणसाला तो फेस धुऊन टाकायचा मोह होतो. नळाच्या पाण्याने धुतलंत तर केलेली स्वच्छता वाया गेली.

वर्ट भांड्यात ओता. यीस्ट घाला. फॉइलने तोंड धरून मिनिटभर चांगलं हलवा, कारण पेशी वाढायला प्राणवायू लागतो. या हलवण्याचाही फेस होतो, पण तो हवेचा, दहा मिनिटांत बसतो. तो बसल्याशिवाय भांडं ढवळणीवर ठेवू नका, नाहीतर पुढचा फेस या फेसावर चढतो.

आता झाकण. फॉइलचा चौकोनी तुकडा घ्या आणि गळ्यावर गांधी टोपीसारखा सैल बसवा. वायू कडेने बाहेर जातो. धूळ आणि जंतू वरून खाली पडतात, त्यांना कड वळून वर चढता येत नाही. बूच आणि एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी नळी) लावू नका. फेस एअरलॉकच्या बारीक नळीत शिरतो, तिथे चिकटून सुकतो आणि वाट बंद होते. मग बूच छताला लागतं. फिरकीचं झाकण घट्ट लावून ठेवणं तर थेट धोक्याचं आहे, काच फुटते.

भांडं परातीत ठेवा. ढवळणी वापरणार असाल तर ती एखाद्या डब्यावर उंच करून परातीत ठेवा, म्हणजे सांडलंच तर आतल्या पंख्यात जाणार नाही.

दुसरा धोका : हात लावताना

ढवळणीचा वेग किती ठेवायचा? पृष्ठभागावर नाण्याएवढी खळी पडेल इतका. बुडापर्यंत पोचणारा भोवरा दिसायला छान, पण फेस वाढवण्यापलीकडे तो विशेष काही करत नाही. पेशी तरंगत राहाव्यात आणि वायू थोडा थोडा निघत राहावा, एवढंच ढवळणीचं काम.

हे थोडं थोडं निघणं फार मोलाचं आहे. नुसत्या ठेवलेल्या स्टार्टरमध्ये, २० अंशांना, लिटरभर द्रवात आठ-नऊशे मिलिलिटर वायू विरघळून बसलेला असू शकतो. तुम्ही सकाळी उठता, भांडं शांत दिसतं, खाली साका बसलेला दिसतो, आणि यीस्टला जागं करायला तुम्ही जग उचलून गोल फिरवता. सोड्याची बाटली हलवल्यासारखं होतं. सगळा वायू एकदम सुटतो आणि फेस हातावर येतो. ढवळणी रात्री वीज गेल्याने किंवा चुंबक निसटल्याने बंद पडली असेल आणि सकाळी तुम्ही ती पूर्ण वेगाने सुरू केलीत, तर हेच होतं.

म्हणून बंद पडलेली ढवळणी अगदी मंद वेगावर सुरू करा, फेस चढला तर बंद करा, बसू द्या, पुन्हा सुरू करा. पाच-सहा मिनिटांत वायू निघून जातो, मग नेहमीचा वेग. हाताने फिरवणार असाल तर आधी नुसतं हलकेच झुलवा. आतून चुरचुर असा आवाज येतो, चूळभर सोडा ग्लासात ओतल्यावर येतो तसा. तो आवाज कमी होईपर्यंत थांबा आणि मगच जोर लावा. ढवळणी नसलेल्यांनी जाता-येता, तासा-दोन तासांनी असं झुलवत राहिलं तर वायू साठतच नाही.

तिसरा धोका : मधली रात्र

ताज्या यीस्टचा स्टार्टर बारा ते अठरा तासांत सर्वांत जास्त फेसाळतो. संध्याकाळी सातला लावला तर तो क्षण सकाळी सात ते दुपारी एकच्या दरम्यान येतो, आणि जोमदार जातीचं यीस्ट असेल तर पहाटेच. पहिल्यांदा लावताना मी सकाळी लावायला सांगते, म्हणजे फेस चढेल तेव्हा तुम्ही जागे असाल. जागाही पाहा : फ्रिजच्या वर किंवा हीटरजवळ ठेवलेला स्टार्टर २७-२८ अंशांना जातो आणि सगळं काम घाईने, एकदम करतो. २० ते २४ अंश पुरे.

जातीजातीत मोठा फरक आहे. काही यीस्ट वर्टमध्ये एकसारखी पसरून राहतात. काहींच्या पेशी बुडबुड्यांना चिकटून वर येतात, फेसाबरोबर दाट सायीसारखा थर करतात आणि तो थर सहजासहजी मोडत नाही. जर्मन गव्हाच्या बिअरचं, हेफेवाइत्सनचं यीस्ट यात सगळ्यांच्या पुढे. डब्ल्यूएलपी ३०० किंवा वायीस्ट ३०६८ या नावाचं त्याचं पाकीट घेतलंत तर भांड्याचा हिशेब दुप्पट करा.

हे मी शिकले त्या आठवड्यात आई सांगलीहून आलेली होती. दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये मी दीड लिटर गव्हाचा स्टार्टर लावला होता. आईला बिअरशी काही देणंघेणं नव्हतं, तिला भांडं दिसत होतं. रात्री झोपताना ती म्हणाली, "अगं, इडलीचं पीठ असं भरशील का? खाली काही ठेव तरी." मी म्हटलं, आई, हे वेगळं असतं. पहाटे पाचला मला कणकेसारखा आंबूस-गोड वास आला. फॉइलची टोपी गळ्यावरून चार बोटं वर उचललेली होती आणि तिच्याखाली पिवळसर, दाट फेसाचा दांडा उभा होता. दांड्याच्या एका बाजूने ओघळ फ्लास्कवरून ढवळणीवर आणि तिथून ओट्याच्या फटीत गेला होता. आई माझ्या आधी उठली होती. तिने वायर काढून ठेवली होती आणि ओलं फडकं घेऊन फट पुसत होती. काही बोलली नाही. तिची परात त्या दिवशीपासून बिअरच्या सामानात आहे.

वाया काय गेलं, तर फेस नव्हे, यीस्ट. अशा जातींच्या सुदृढ, भराभर वाढणाऱ्या पेशी त्या वरच्या थरातच असतात, म्हणजे ज्याच्यासाठी खटाटोप केला तेच ओट्यावर. शिवाय ओली फॉइल आणि चिकट गळा बाहेरच्या जंतूंना आत यायला वाट करून देतात. उतू जाण्याकडे केवळ पसारा म्हणून पाहू नका, असं मी आग्रहाने सांगते ते यासाठी.

फेस मारणारे थेंबही मिळतात. फर्मकॅप नावाचा पदार्थ सिलिकोनचा असतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवतात आणि वापरण्याआधी हलवतात. लिटरला एक-दोन थेंब, तेही उकळण्याआधीच घातले तर चुलीवरचा आणि रात्रीचा दोन्ही फेस आवरतो. तो बुडबुड्याचा पापुद्रा दुबळा करतो. वायू तेवढाच निघतो, फक्त थांबून राहत नाही. हेच द्रव्य सिमेथिकोन या नावाने तान्ह्या बाळांच्या पोटातल्या वायूसाठी मिळतं आणि बरेच जण तेच वापरतात. तसं करायचं तर बडीशेप-शेपूचं तेल किंवा स्वाद नसलेलं निव्वळ सिमेथिकोन घ्या. पण थेंब आहेत म्हणून भांडं भरू नका. मी दोन्ही करते : जागा सोडते, आणि गव्हाच्या यीस्टला एक थेंबही घालते.

उतू गेलंच तर

घाबरू नका, स्टार्टर टाकूनही देऊ नका. आधी ढवळणीची वायर काढा. जुनी फॉइल फेकून द्या. स्वच्छ फडक्यावर सॅनिटायझर घेऊन फ्लास्कचा गळा आतून-बाहेरून पुसा, नवी भिजवलेली फॉइल बसवा. फेस अजून चढतच असेल तर निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या बरणीत तिसरा हिस्सा ओतून ठेवा, पुढे दोन्ही एकत्र करता येतात. परातीत सांडलेलं परत आत घालायचं नाही, मग परात कितीही घासलेली असो. चार-सहा तास जास्त द्या. आत उरलेल्या पेशी वर्ट संपेपर्यंत वाढत राहतात.

निवळणं आणि बिअरमध्ये घालणं

चोवीस ते छत्तीस तासांनी फेस बसतो, द्रवाचा रंग फिका, दुधाळ होतो. भांडं फ्रिजमध्ये ठेवा. इथेही टोपी सैलच. एक-दोन दिवसांत खाली मलईच्या रंगाचा घट्ट साका बसतो आणि वर पातळ, मधाच्या रंगाची निवळ राहते. काही जाती सहज बसत नाहीत, त्यांना आणखी एक दिवस द्या. वास घ्या. ब्रेडचा, किंचित हिरव्या सफरचंदाचा वास चांगला. व्हिनेगरचा आंबट किंवा नासका वास आला, वर पांढरी बुरशी दिसली, तर सगळं ओतून द्या आणि नवं पाकीट आणा. वीस लिटर बिअर त्याच्यावर पणाला लावू नका.

बिअर करायच्या दिवशी वर्ट गार व्हायला ठेवलं की स्टार्टर फ्रिजमधून काढा. बाहेरून एक चुंबक बुडाला धरून आतला चुंबक जागेवर अडवा आणि निवळ सावकाश, एका धारेत ओतून द्या. साक्यावर दीडशे-दोनशे मिलिलिटर राहू द्या. साका सरकायला लागला की थांबा. मग तास-दोन तास बाहेर ठेवा, म्हणजे यीस्ट आणि वर्ट यांच्या तापमानात फार अंतर राहणार नाही.

गार द्रवात वायू जास्त मावतो. फ्रिजमधून आलेलं भांडं गरम होत असताना तो सुटायला लागतो आणि साका ढवळताना पुन्हा एकदा फेस उठतो. भांड्यात आता थोडंच द्रव असल्याने तो बाहेर येत नाही, पण त्या वेळी झाकण घट्ट असलेल्या बरणीत यीस्ट असेल तर झाकण उडतं. आधी झुलवा, चुरचुर ऐका, मग जोरात फिरवून साका पूर्ण सोडवा आणि एका दमात बिअरच्या भांड्यात ओता.

पुढच्या खेपेसाठी थोडं यीस्ट राखायचं असेल तर ओतण्याआधी शंभरेक मिलिलिटर यीस्ट एका छोट्या, आधी उकळून गार केलेल्या बरणीत काढा. बरणी अर्धीच भरा. जातीचं नाव आणि तारीख लिहिलेली पट्टी चिकटवा, झाकण अर्धा आटा सैल ठेवून फ्रिजच्या मागच्या बाजूला सरकवा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की हे झाकण घट्ट करायचं नाही.